दुसरं सेमिस्टर आन माहा बीपी

किस्से गोळा कराले कुठी जा लागत नाई. पन्नाशीतले चार जन एका वर्गात कोंबा, हाती वही द्या, आन सर म्हनून पंचवीस वर्साचं पोरगं उभं करा. बस! दर रविवारी एक तं निंघतेच. आमच्या मांगच्या बेंचावर तं दोन-दोन निंघते.

मी हिंगणीचा. भाजीपाला लावतो. आठवीत शाळा सोडली. खरं म्हनलं तं शाळेनंच मले सोडलं. मांगं एका दुकानदारानं मिरचीचे रोपं म्हनून काय देलं कोन जाने, एका झाडाले लवंगी लागे, बाजूच्याले ढोबळी! जाब इचाराले गेलतो तं म्हने, "आठवी नापास मानसा, तुले काय समजते?"

डोकं सनकलं! म्हनलं, आता रोपवाटिका सोतःचीच टाकतो, आन शिकूनच टाकतो. वर्ध्याले रविवारचा कोर्स हाय, दोन सेमिस्टरचा. घेतली अ‍ॅडमिशन.

*

पयल्या सेमिस्टरच्या पेपरले मी भाजीबाजाराच्या हर्रासीतून सिद्दा गेलो. पहाटपासून वांग्याचे कॅरेट उचलले, पोटात चहा आन तंबाखू-सुपारीचा खर्रा, बाकी काईच नाई. तिसऱ्या प्रश्नाले डोयापुढं अंधारी आली आन टेबलावर डोकं, धप्पकन!

डोया उघडला तं तोंडावर पानी, आन परीक्षेवरच्या म्याडम माहा पेपर सरकवून राह्यल्या. असा वरडलो, "पेपरले हात लावू नका! माहा तिसरा प्रश्न बाकी हाय!"

पास झालो. पन सर म्हने, "काका, पुढच्या सेमिस्टरला दिवसभर उन्हात प्रॅक्टिकल आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, फिट असल्याची. नाहीतर तुम्हाला घेता येणार नाही."

घरी मोठा भाऊ खुश! "बरं झालं. या वयात कायची शाळा? बस आता घरी."

म्हनलं, "दादा, तू बस. मी तं जातो!"

*

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीन बाई माह्या पोरीयेवढी. पट्टा बांधला, बीपी चढेल निंघाला.

"काका, खर्रे किती खाता?"

"दोन."

मांगून बायको म्हने, "बाई, ते आत्ता तुमच्या लायनीत खाल्ले ते सांगून राह्यले!"

बाई म्हने, "एक महिना देते. खर्रा बंद. सकाळी भाकर खाऊनच बाहेर निघायचं. आणि राग कमी करा. मग चिठ्ठी."

"राग कोनाले येते?" म्या टेबलावर हात आपटून इचारलं.

*

त्या महिन्यात सरायनं तयारीचे तास ठेवलते. दुसरं सेमिस्टर तब्येतीनं आन मजेत गेलं पाह्यजे म्हने.

माह्या बेंचावर रोहणा गावचा बबन बसते. दुधाचा धंदा, आन खर्ऱ्यात माह्याहून दोन पावलं पुढं. आमी शर्त लावली. जो खर्रा खाईन, त्यानं गुपचूप उठून पुढच्या बेंचावर जाऊन बसाचं. मांगच्या बेंचवाल्याले याच्याहून मोठी सजा नाई! पुढं सर प्रश्न इचारते ना!

दुसऱ्याच रविवारी मी पुढच्या बेंचावर. मान खाली. मिनिटभरानं बाजूले कोनीतरी येऊन बसलं. पाह्यलं तं बबन! दोघायनंही वह्या उघडल्या.

सर लय खुश. साऱ्या वर्गाले म्हने, "बघा! इच्छा असली की माणूस कसा आपणहून पुढे येतो!"

*

सरायनं टाइमटेबल बनवून आनाले सांगतलं. काम किती, अभ्यास किती, झोप किती.

वडनेरच्या सुनंदा वहिनी भाजी इकते. त्यायनं मोठा कागद आनला, एकदम चवकटी पाडून. सर वाचून राह्यले. झाडझूड, संजय. म्हशीचं शेन, संजय. सैपाक, संजय. भांडे, संजय.

"काकू, हे संजय कोण?"

"आमच्या घरचे."

"आणि तुमचं नाव एकाच चौकटीत? अभ्यासाच्या?"

वहिनी म्हने, "मंग! सेमिस्टर माह्यं हाय ना!"

"त्यांना हे चालतं?"

"भिंतीवर चिकटवलं हाय, सर. चालीन नाई तं काय करन!"

*

एका रविवारी सरायनं मोठ्या शहरातून एक ताई आनली. टेन्शन कसं घालवाचं ते शिकवाले. लय गोड आवाज. म्हने, "डोळे मिटा. तुम्ही एका शांत नदीकाठी बसला आहात. हलकेच श्वास घ्या..."

आता, आमी सारे पहाटी तीन वाजता उठेल! ताईची नदी येईपर्यंत थांबलंच कोन?

पाऊन घंट्यानं सर हालवून राह्यले तवा जाग आली. बबन तं बेंचाखाली आडवा, घोरून राह्यला. आमाले वाटलं, झाली आता बेइज्जती! पन ताईच्या डोयात पानी. म्हने, "इतकी वर्षं शिकवते, असा रिझल्ट कधीच आला नाही."

*

महिना झाला. शनिवारी दवाखान्यात गेलो. भाकर खाऊन गेलतो, बारा दिवसापासून खर्ऱ्याले शिवलो नवतो. बाईनं पट्टा बांधला, मान हालवली. "अजून जास्तच आहे, काका. चिठ्ठी नाही देता येणार."

"काऊन नाई? उद्या दुसरं सेमिस्टर सुरू होते! नाई गेलो तं मेल्यावरही मले आठवी नापासच म्हनतीन!"

"बघा, आणखी चढला. शांत व्हा. दुसरं काहीतरी बोला. काय शिकलात तिथे?"

म्हनलं, आईक मंग. "गादीवाफा तीन फूट रुंद पाह्यजे. शेनखत चांगलं कुजेल. दोन वळीत चार बोटाचं अंतर. पानी झारीनं द्याचं, पाटानं नाई..."

लायनीतल्या बुढ्यानं आत मुंडकं घातलं. "भाऊ, माहे रोपं बुडापासून सडून राह्यले, काय करू?"

"पानी कमी करा बाबा, आन वाफा उंच!"

त्याच्या मांगची बाई म्हने, "आन मिरचीचे पानं मुरडते तं?"

"पयल्या दिवसापासून जाळी लावजो, माय! मंग नाई मुरडत!"

दवाखान्यातली सिस्टर सुई तशीच हातात धरून म्हने, "माझ्या कुंडीतल्या टमाटरला फूल येतं न् गळतं..."

सिस्टरलेही सांगतलं. लाइन सारी आत आलती. बाई मातर माह्या बीपीतच गुतेल. पट्ट्याची हवा भरे, काटा पाहे, "उतरला?" म्हने, सोडे, अजून भरे. मंग कागदावर काईतरी लिवलं, घडी घातली आन म्हने, "हे सरांना द्या."

म्या उघडूनही पाह्यलं नाई. भेव लागे.

रविवारी चिठ्ठी सराच्या हाती देली.  सर मोठ्यानं वाचाले लागले, "गोळी, रोज सकाळी एक, जेवणानंतर. वर्ग, दर रविवारी, खंड पडू देऊ नये."

सरायनं चिठ्ठी दोनदा उलटून पाह्यली. म्हने, "काका, हे फिटनेस सर्टिफिकेट नाही. ही औषधाची चिठ्ठी आहे!"

"मंग पाहून काय राह्यले, सर? काढा धडा पयला!"