ग्रामसभा जिना उतरते

आमच्या ग्रामपंचायतीत दिव्यांगांच्या निधीवरची चर्चा वरच्या मजल्यावर व्हायची. खालच्या मजल्यावर रेशनचं गोदाम, त्यामुळं सभा वर. आणि मी खाली, लिंबाखाली, तीनचाकी सायकलवर. हसा खुशाल. मलाही हसू यायचं, पण वर बघून बघून मानच जास्त दुखायची.

लहानपणीच्या पोलिओनं माझे दोन्ही पाय नेले. हात चालतात, आणि तोंड त्याहून जास्त चालतं असं आई म्हणते. मोटर बसवलेल्या मशीनवर मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. पार बोरीहून बायका कापड घेऊन येतात. पोटाचं काही अडत नाही. अडायचं ते सकाळी. आमचा संडास अंगणाच्या टोकाला, पायऱ्या चढून, आणि उकिडवं बसायचा. मला तसं बसता येत नाही. आई काखेत हात घालून मला उचलायची, आत न्यायची, धरून ठेवायची, परत आणायची. ऊसतोडीच्या फडावर मोळ्या वाहून तिच्या पाठीची आधीच वाट लागलेली. "दुखतं का गं?" असं विचारलं की म्हणायची, "मला काय धाड भरली?" आणि चौकट धरून उभी राहायची. मला रडू यायचं, आणि मी रडले की ती आणखी चिडायची. मला दुसरं काही नको होतं. घरातच एक कमोड आणि तिथवर जायला उतार, एवढं हवं होतं.

त्याची वाटही होती. पंचायतीच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा, असा नियमच आहे. अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचायचं, लोकांचं म्हणणं ऐकायचं, मग ते पंचायत समितीकडं पाठवायचं. कागदावर कसं सगळं झकास! पण सभेला कोरम लागतो, आणि तो आमच्या गावात कधी भरायचाच नाही. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरगंही जाणतं. त्यामुळं पहिली सभा बोलवायची ती तहकूब करायलाच. दुसरीला सरपंच, चार सदस्य, शिपाई आणि चहा.

माझा अर्ज मी शिपायाच्या हाती वर पाठवायचे. तो 'आयत्या वेळचे विषय' यात जायचा. आयत्या वेळचे म्हणजे चहा आल्यानंतरचे, आणि चहा आला की सभा संपलीच. मी खालून ओरडायचे, "अहो, माझ्या अर्जाचं काय झालं?" खिडकीतून कुणीतरी म्हणायचं, "घेतलाय, घेतलाय!"

एका वर्षी खरंच घेतला. दिव्यांग निधीतून जिन्याला स्टीलचा कठडा बसवला. दिव्यांगांना वर येणं सोपं जावं म्हणून! माझं डोकंच फिरलं. ग्रामसेवकाला गाठून म्हटलं, "भाऊ, कठडा लय चकचकीत हाय. आता पाय बी बसवा."

यंदा मात्र अंदाजपत्रकाच्या सभेला पंचायत समितीचे एक विस्तार अधिकारी आले. भर उन्हात, मोटरसायकलवर, घामाघूम होऊन. नेहमीप्रमाणं कोरमला थोडी डोकी कमी पडली. नेहमीप्रमाणं सरपंच म्हणाले, "चला, तहकूब करू." तेवढ्यात साहेबांचा आवाज आला, आम्हाला खाली स्वच्छ ऐकू आला. "तहकूब केली तर मी परत येणार नाही. खाली एवढी माणसं बसलीत, त्यांच्या सह्या घ्या की!"

खालची माणसं म्हणजे मी, आई, आणि जिना चढवत नाही म्हणून लिंबाच्या सावलीला टेकलेल्या म्हाताऱ्या. ग्रामसेवक रजिस्टर घेऊन पळतच आला.

"ताई, पटकन सही करा."

"कशाची?"

"हजेरीची."

"पन मी तर हजर न्हाई."

"असं काय करता ताई, समोर तर बसल्यात!"

"मी लिंबाखाली हजर हाय. सभा वर हाय. सभा लिंबाखाली आना, मग करते सही."

तो म्हाताऱ्यांकडं वळला. आमचं आधी काही ठरलेलं नव्हतं, देवाशपथ. पण त्यातली एक म्हणाली, "ती न्हाई म्हनायली ना? मग मी बी अंगठा देत न्हाई." बघता बघता सगळ्यांचे अंगठे पदराखाली गेले.

साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं?"

"साहेब, सभा खाली आना म्हनायल्यात."

"मग आणा ना! इथला पंखा तरी कुठं धड आहे?"

आणि सभा खाली आली हो! खुर्च्या आल्या, टेबल आलं, माईक आला, वायर पुरेना म्हणून गोदामातून वीज घेतली. सभा रस्त्यावर दिसल्यावर येणारा-जाणारा थांबायला लागला. न्हाव्याच्या दुकानातून एकजण अर्धी दाढी करून आला. कोरम भरून वर माणसं उरली. सरपंचांच्या चेहऱ्यावरचा घाम मात्र नुसता उन्हाचा नव्हता.

ग्रामसेवक मंगलाष्टकं म्हटल्यासारखं भराभर अंदाजपत्रक वाचत सुटला. "दिव्यांग कल्याण, जिन्याच्या कठड्याची रंगरंगोटी…"

मी हात वर केला.

साहेब म्हणाले, "हां ताई, बोला."

किती वर्षं भाषण तयार होतं माझ्याकडं! 'शौचालय', 'सुलभ', 'सन्मान', सगळे शब्द घोकलेले. समोर गावातले बाप्ये बघून एकही आठवेना. तोंडातून निघालं ते असं, "मला संडासात बसता येत न्हाई. मही माय मला उचलून नेती. तिची पाठ गेली. मला घरात कमोड द्या, कठड्याला रंग नको."

आईनं तोंडावर पदर ओढला. मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

मग सगळ्यांत आधी अंगठा नाकारणारी म्हातारी बोलली, "महं बी नाव लिव्ह त्याच्यात."

ग्रामसेवक म्हणाला, "आजी, हा निधी दिव्यांगांचा हाय. सर्टिफिकेट लागतं."

"खाली बसलं की उठता येत न्हाई, त्याला कोन्तं सर्टिफिकेट लागतं रे? उद्या सकाळी ये, दाखवते."

अर्ध्या दाढीवाल्यासकट सगळे फिसकन हसले. साहेबांनाही हसू आवरेना. ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांसाठी वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या पैशातून बघा. वेगळा ठराव घ्या."

तेवढ्यात मागून आवाज आला, "मग त्यात पयलं नाव महं घाला."

सरपंचांची आई! सरपंच उठून उभे राहिले. "माय, घरचं घरी बोलू ना."

"घरी तू आयकतूस का? दोन वर्सं झाली सांगायले. हितं साहेब तरी हायेत."

दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले. म्हाताऱ्यांच्या ठरावाला सूचक म्हणून सरपंचांनी स्वतःचंच नाव घातलं, मान वर न करता.

घरी येताना आई सायकल ढकलत होती. चार घरं मागं पडली. मग सुरू झाली. "भर सभेत संडासाचं बोल्लीस. गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस. बापाच्या जागी असलेली मानसं बसली व्हती, त्यायच्यासमोर!" मी ऐकून घेतलं. बोलायचं ते बोलून झालं होतं.

आमच्या गल्लीचा चढ लागला तशी ती थांबली. मागं वळून बघितलं तर दोन्ही हात कमरेवर, डोळे मिटलेले.

"लय दुखतंय गं," ती म्हणाली. "कदी बसवायलेत म्हनले ते?"