उजवी पाकळी

आमच्या ह्यांना लॉटरी कधीच लागली नाही. लागली असती तर प्रश्नच नव्हता, आणि साफ चुकली असती तरी परवडलं असतं. पण ब्याऐंशी साली एकदा तिकिटाचे सगळे आकडे जुळले आणि शेवटी पाचाच्या जागी सहा आला. तिथून आमचं घर बुडायला लागलं.

ते तिकीट ह्यांनी कचेरीत दाखवलं, रत्नागिरीच्या स्टँडवर दाखवलं, चहाच्या टपरीवर दाखवलं. लोकही मेले असे, म्हणायचे, "अहो, लक्ष्मी उंबऱ्यापर्यंत आलीवती. आता सोडू नका." मी म्हणायची, पावस गावची एस.टी. मिनिटाने चुकली काय नि तासाने चुकली काय, तंगडतोड तेवढीच. पण पालथ्या घड्यावर पाणी. महिन्याला एक तिकीट घेणारा माणूस आठवड्याला दहा-दहा घ्यायला लागला.

पगार पुरेना, तेव्हा ह्यांची नजर माझ्या शिलाई मशीनवर गेली. मी आळीतल्या बायकांची पोलकी शिवायची. त्यावर घरात मासळी यायची नि पोरींच्या वह्या यायच्या. "एकदा लागू दे, तुला मोटरवाली घेऊन देतो," म्हणाले आणि गिऱ्हाईक ठरवूनच आले. सोमवारी तो मशीन न्यायला येणार होता. मी रडले, भांडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. शेवटी म्हटलं, गावदेवीला कौल लावू, ती म्हणेल ते दोघांनीही ऐकायचं. हे देवीला फार भिऊन असत. कबूल झाले.

रविवारी सकाळी देवळात गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या नि गाऱ्हाणं घातलं, "आई, मशीन घरात ऱ्हायची असेल तर उजवी दे, जायची असेल तर डावी दे." मी पाकळ्यांवर डोळे लावून उभी होते. उजवी पाकळी हलली. अर्धी सुटून लोंबायला लागली. आणि डावी टपकन खाली पडली.

"झाला कौल," गुरव म्हणाला.

"काका, पुन्हा लावा. उजवी सुटलीच होती, तुम्ही बघितलंत ना?"

एका कामाला एकच कौल, असं तो म्हणाला. मी हटून बसले. बिचाऱ्याने पुन्हा लावला. डावी. तिसऱ्यांदाही डावीच, पण ह्या खेपेला उजवी पार कडेपर्यंत घसरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. "आणखी एकदाच," मी म्हटलं. गुरव ताम्हण उचलून आत निघून गेला.

हे मागे उभे होते. मला वाटलं, आता हसतील. पण ह्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "अगो," म्हणाले, "मलाही असंच होतं."

मला भयंकर राग आला. माझं नि ह्यांचं सारखं कसं? मी पोरींसाठी मागत होते. ह्यांना मागे टाकून मी झपाझपा घराकडे निघाले. वाटभर डोक्यात एकच चाललेलं, पाकळी थोडी कमी ओली असती तर.

सोमवारी माणूस मशीन न्यायला आला तेव्हा मी घरात नव्हते. ताजी फुलं घेऊन देवळाच्या पायरीवर गुरवाची वाट बघत बसले होते.