गोदाआत्या कशाने गेली

वंशावळ काढायला घेतली की माणसं कमी आणि किस्सेच जास्त सापडतात. तेही असे, की मैत्रिणींना सांगताना सगळ्या हसतात आणि घरी आल्यावर आपल्यालाच जेवण जात नाही. माझ्याकडे आता असा ढीगच झालाय.

सुरुवात शेंगा फोडताना झाली. वेल्ह्याकडची आमची जमीन धरणात गेली. तिच्या बदल्यात मिळणारी जमीन आजोबांच्या वारसांच्या नावावर लागायची होती, म्हणून वंशावळ हवी. घरात कॉलेज शिकलेली मी एकटी, त्यामुळे पेन माझ्या हातात. थोरले चुलते, म्हणजे तात्या, ओसरीवर शेंगा फोडत सांगत होते. आधी स्वतःचं नाव, मग धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अण्णांचं. मग त्याच सुरात म्हणाले, "अन् मधली बहीन, गोदा. तिच्याफुडं मयत लिव्ह. मूलबाळ न्हाई."

मला आत्या होती हे मला तेव्हा कळलं. पण खटकलं ते वेगळंच. बहिणीचं मरण सांगताना त्यांच्या हातातली शेंग थांबली नव्हती.

"कधी गेल्या?"

"तापानं गेली. लिव्ह की. मेलेल्या मानसाला काय तारीख लागती?"

*

लागते. तलाठी म्हणाले, मयत असतील तर मृत्यूची नोंद आणा. आमच्या गावच्या दप्तरात ती नव्हती, आत्याच्या सासरच्या गावातही नव्हती. मी भीतभीत तात्यांना सांगितलं. त्यांना वाटलं, एवढंच ना.

"मंग तिचं नावच घालू नगंस. जन्मलीच न्हाई म्हनावं."

गेल्या आठवड्यात मेलेली आत्या या आठवड्यात जन्मायचीच राहिली.

मी घाबरट आहे. मागून सायकलची घंटी वाजली तरी दचकते. तात्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. पण त्या कागदाखाली 'वरील माहिती खरी आहे' असंही मलाच लिहायचं होतं, आणि तेही जमेना. एक बाई जिवंत असेल तर तिचा तुकडा तिला मिळणार, मेली असेल तर नाही, आणि ते ठरणार माझ्या अक्षरानं.

*

भोरला जुनी खानेसुमारी आहे, तिच्यात आत्याचा जन्म तरी सापडेल असं कळलं. खानेसुमारी म्हणजे संस्थानाच्या वेळची शिरगणती, घरोघर फिरून लिहिलेली. नसरापूरला एक गाडी बदलली, कापूरहोळला दुसरी, आणि पोचले. तिथल्या कारकुनांनी एक पान उघडलं, वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"बाई, तुमच्या आजोबांनी सख्ख्या बहिणीशी लग्न केलेलं दिसतंय."

माझ्या हातून पाण्याची बाटली पडली. पान खरंच तसं होतं. घराचा कर्ता आजीचे वडील. खाली 'मुलगा' म्हणून आमचे आजोबा, 'मुलगी' म्हणून आजी, आणि नातवंडांत तात्या, वय सहा, आणि गोदा, वय तीन.

घरी विचारलं तर तात्या मनापासून हसले. "त्या सालाला आबा सासुरवाडीला ऱ्हात व्हते. आता घरजावई हाय म्हनून सरकारी मानसाला कोन सांगंल? मुलगा म्हनून सांगितलं."

म्हणजे अब्रूसाठी कागदावर नाती फिरवायची, ही आमच्या घरात जुनीच रीत. आजोबांनी बायकोला बहीण केलं. तात्या तर नुसतं बहिणीला मयत करत होते.

*

जन्म मिळाला, आता मरण हवं होतं. तलाठी म्हणाले, नोंद नसेल तर भावकीतल्या वडीलधाऱ्यांचे जबाब घ्या. म्हणून मी वेल्ह्याला चुलत आजीकडे गेले, आजोबांच्या भावजयीकडे.

"गोदी व्हय? नदीला गेली. धुनं धुताना पाय घसरला."

"पण आजी, तात्या म्हणतात ताप आला होता."

आजीनं मिश्रीचं बोट क्षणभर थांबवलं. "मंग आदी ताप आला आसंल. तापातच धुनं घेऊन गेली. लई कामाची पोर."

मी तेही लिहून घेतलं. काय करणार?

*

अण्णांना विचारायचं मी टाळत होते. ते कमी बोलतात, आणि बोलले की मला भीती वाटते. शेवटी बांधावर गाठलं.

"साप चावला," ते म्हणाले. "म्या ल्हान व्हतो. आबांनीच सांगितलं. तवापासनं गवतात पाय घालायचा म्हनलं की अंगावर काटा येतो."

ते खरं होतं. अण्णा अजून काठी आपटत आपटत बांधावरनं चालतात. मी लहानपणापासून बघत आले, मला वाटायचं सवय असेल.

"मग आत्याला अग्नी कुठं दिला?"

"ते कुनी सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं नाही?"

"आपल्यात इचारत्यात व्हय?" म्हणाले, आणि काठी आपटत पुढे गेले.

*

त्याच दिवसांत नवी शिरगणतीही आली. शाळेतले गुरुजी कागद घेऊन ओसरीवर बसले. तात्या माणसं सांगू लागले. मुलगा पुण्याला कंपनीत, बायकोपोरांसकट तिकडेच राहतो. "लिवा की, घर त्याचंच हाय."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "आणि ही?"

"हिला पेन्सिलीनं लिवा. जायाचीच हाय."

गुरुजी हसले, अण्णा हसले. चहा देताना मीही हसले. आत गेल्यावर कपबशी अशी आदळली की मीच दचकले.

*

काकी, म्हणजे तात्यांची बायको, या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. मी वंशावळीची शेवटची प्रत लिहायला बसले तेव्हा ती समोर तांदूळ निवडत होती. आत्याच्या नावापाशी माझं पेन अडलं.

"कशानं लिवतीस?" तिनं विचारलं.

"ताप, नदी, साप. तूच सांग."

तिनं ओसरीकडे पाहून घेतलं. मग हात न थांबवता बोलली. "आमचं साटंलोटं. माझा भाऊ तिला, अन् तिचा भाऊ मला. माझा भाऊ लई मारायचा. एक दिस ती उठून हितं आली. तिला घरात घेतली आसती तर मला म्हायेरी धाडाया लागलं आसतं. तशीच रीत हाय. माझ्या पोटात तवा थोरला. आबांनी तिला दारातनंच माघारी लावली अन् गावात सांगितलं, गेली. माझ्या म्हायेरच्यांनी बी त्येच सांगितलं."

मी पेनाला टोपण लावलं.

"ती मेली म्हनून मी नांदले," काकी म्हणाली.

"पण आत्या आहे कुठं?"

"ठावं न्हाई. गावोगाव फिरनारी मनेरीन बांगड्या भराया यायची, तिनं एकदा कानात सांगितलं, तुमच्या नंदंला बी मीच बांगड्या भरते. तिनंच फोन नंबर आनून दिला. तुझी आजी गेली तवा बाजारातनं मी तेवढा एक फोन केला. म्हनली, मी हितंच आंगूळ करते."

नंबर तिच्या डोरल्याच्या पाठीमागे, गळ्यातल्या कापडी पिशवीत होता. माझ्या हातावर ठेवला आणि परत तांदळात बोटं घातली. "माझं नाव घेऊ नगंस."

*

दुसऱ्या दिवशी कागद द्यायचे होते. झेरॉक्स काढायला तात्या मला नसरापूरला घेऊन आले. ते समोरच्या हॉटेलात चहाला बसले, मी झेरॉक्सवाल्याच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. वंशावळीत आत्याच्या नावापुढची जागा अजून कोरी होती. तात्यांना सांगितलं होतं, सुवाच्य अक्षरात तिथंच भरते.

मी डायरीत सातारा, पुणे, मुंबई, सगळे कोड लिहून आणले होते. बूथवाल्यानं नंबर बघितला.

"कोड कशाला लावताय ताई? हा लोकलच आहे की. आपल्या भोर तालुक्यातलाच."

एवढी वर्षं आमच्या सगळ्यांची एसटी तिथूनच येत-जात होती.

पहिल्यांदा रिंग वाजून वाजून थांबली. दुसऱ्यांदाही. काचेतून तात्या बशीत चहा ओतताना दिसत होते. तिसऱ्यांदा एंगेज लागला, तर त्या आवाजानं मी रिसीव्हरच खाली ठेवला. बूथवाला म्हणाला, "घाई नाही, लावा परत." तात्यांनी बशी ठेवली, टोपी नीट केली आणि रस्ता ओलांडायला उठले. मी परत लावला.

उचलला. मागे भांड्यांचा आवाज, आणि एका म्हातारीचा, थकलेला. "कोन?"

"मी… तुम्ही मला ओळखत नाही. वेल्ह्याकडून. अण्णांची मुलगी बोलतेय. तुमच्या धाकट्या भावाची."

भांड्यांचा आवाज बंद झाला. तात्या दारात आले होते. पलीकडून शांतपणे, भाजीचा भाव विचारावा तसं, ती म्हणाली, "बरं. कोन गेलं?"