मागच्या खोलीतला राउटर

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की घरोघरच्या मोटारी एकदम घोंघावायला लागतात. कडुबाच्या घरातून मात्र मोटारीचा आवाज येत नाही. सदुसष्ट वर्षांचा हा माणूस बादल्या भरभरून गच्चीचा जिना चढतो. म्हातारा चक्रम आहे, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी भिंतीला भिंत लागून राहणारा निवृत्त मास्तर, मला कारण माहीत आहे.

कडुबा चितेगावच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होता. हाताला काम नसलं की त्याला करमत नसे. माझा चांगला चालणारा पंखा तो न विचारता उघडायचा आणि परत बसवताना एक स्क्रू हमखास उरवायचा. वर मलाच ऐकवायचा, "कंपनीनंच जास्तीचा दिला व्हता सर."

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको साळूबाई हिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. दिवसभर बडबडणाऱ्या बाईकडं "हां" एवढा एकच शब्द उरला. त्यांची एकुलती एक मुलगी श्रेया आयर्लंडला नर्स आहे. बोलत राहा, शब्द परत येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून श्रेया तिच्या जेवणाच्या सुट्टीत, आपल्याकडच्या संध्याकाळी पाचला, रोज व्हिडिओ कॉल करायची. "आई, म्हण बरं, श्रेया." साळूबाई ओठ हलवायची, कपाळावर घाम यायचा आणि शेवटी निघायचं ते "हां". तिनं एकदा लेकीला नावानं हाक मारावी, एवढंच कडुबाला हवं होतं. त्यापुढं त्याला देवाकडं काही मागायचं नव्हतं.

पण घर अरुंद, चार खोल्या एकामागं एक. राउटर रस्त्याकडच्या खोलीत आणि साळूबाईची खाट अगदी मागं, कारण संडास तिकडं. तिसऱ्या भिंतीपाशी सिग्नल मरायचा. "आई, म्हण, श्रे..." म्हणता म्हणता लेकीचा चेहरा उघड्या तोंडानं तसाच थिजायचा आणि साळूबाई घाबरून जायची.

कडुबानं दुसरा राउटर आणला आणि थेट खाटेशेजारी ठेवला. मला हसू आवरेना. "अहो, जिथं सिग्नल पोचतच नाही, तिथं हा बिचारा काय घेणार आणि काय पुढं देणार?" त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढच्या राउटरपासून मागच्यापर्यंत चारही खोल्यांतून वायर ओढली, वीत-वीत अंतरावर खिळे मारून. तरी जमेना, कारण दोन्ही राउटरचा पत्ता एकच होता. मागच्या, म्हणजे धाकट्या राउटरचा पत्ता मी बदलला, मोबाइलांना नंबर वाटायचं काम एकट्या पुढच्या थोरल्याकडं ठेवलं, तेव्हा भांडण मिटलं. कडुबा मलाच शिकवायला लागला, "घरात कारभारी एकच पायजे सर. थोरल्यानं वाटायचं, धाकट्यानं वाढायचं." दोघांना नाव आणि पासवर्ड तेच ठेवले. त्या संध्याकाळी श्रेया इतकी स्वच्छ दिसली की साळूबाईनं डाव्या हातानं पडद्यावरचा तिचा गाल पुसला.

पुढं श्रेयानं तिला डाव्या अंगठ्यानं आवाजाचा निरोप पाठवायला शिकवलं. श्रेयाचाच जुना, सिम नसलेला मोबाइल तिच्या उशाशी असायचा. दिवसभरात दहा-बारा "हां" आयर्लंडला जायचे.

खोट एकच राहिली. मागच्या खोलीत बोर्ड एकच होता, पाण्याच्या मोटारीसाठी काढलेला. राउटर त्याच्यावरच चालायचा. पाणी आलं की कडुबा राउटरचा प्लग काढून मोटारीचा लावायचा. दुसरा पॉइंट काढून घ्या, असं मी दोनदा बजावलं. "आठ-दहा दिवसांनी तर पाणी येतंय. तेवढ्यासाठी भिंत कुठं फोडता सर?"

वैशाखात अकरा दिवसांनी पाणी आलं, तेही साडेचारला. सगळी गल्ली ड्रम घेऊन धावली. कडुबानं प्लग बदलला, मोटार लावली आणि पाइप धरून गच्चीवर गेला. पाणी करंगळीएवढं येत होतं. पाच वाजून गेले. फोन काय, साळू स्वतः उचलते, असं त्याच्या मनात; राउटरचा प्लग आपणच काढलाय, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. पावणेसहाला खाली येऊन त्यानं मोटार बंद केली. साळूबाई झोपलीय असं वाटून तो पावलं न वाजवता चहा टाकायला गेला. चहा घेऊन आला, तेव्हा ती गेलेली होती. मोबाइल छातीवर होता.

गल्लीतल्या डॉक्टरांनी पाहून मान हलवली. कडुबानं पुढच्या खोलीत बसून आपल्या मोबाइलवरून श्रेयाला सांगितलं. तिचा आक्रोश मला मधल्या खोलीत ऐकू येत होता. "मला आईला बघायचंय. तिच्याजवळ जा ना पप्पा!" त्याचे पाय उचलत नव्हते. मी मागं गेलो, तर राउटर बंद. निदान तोंड तरी दिसू दे पोरीला, म्हणून मोटारीचा प्लग उपटून राउटरचा लावला.

दिवे लुकलुकले. साळूबाईच्या छातीवरचा मोबाइल थरथरला. अडकून पडलेलं काहीतरी निघून गेलं होतं.

पुढून श्रेयाची किंकाळी आली. "पप्पा! आईचा मेसेज आला! आत्ता! आई माझं नाव घेतेय पप्पा, ती आहे, नीट बघा!"

आणि कडुबा धावला. ज्याचे पाय उचलत नव्हते, तो धावत आला आणि खाटेवर कोसळला. "साळू! ए साळू, बोल ना गं! आत्ता बोललीस ना?" तो तिला गदागदा हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावरची ती आशा मी पाहिली. माझ्या हातांनी मी ती लावली होती. मी त्याला सांगितलं, निरोप मघाचा आहे, आत्ता गेला. त्याला कळायला बराच वेळ लागला. मग त्यानं फोन उचलला आणि आई गेल्याचं लेकीला दुसऱ्यांदा सांगितलं.

श्रेयानं तो निरोप तिकडून लावला. मागं इथल्याच मोटारीचा घोंघाट, आणि त्यातून साळूबाईचा आवाज, एकेक शब्द ओढून काढलेला.

"श्रेया... पाणी आलंय. पप्पा... गच्चीवर. तू... जेवून घे."