न पाहिलेल्या गावाचा रिपोर्ट

"पत्नी एक बार भी मिलने नहीं आई. सुधार की संभावना कम." सरकारी वकील माझाच रिपोर्ट मोठ्याने वाचत होते. बालाघाटच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून मी ऐकत होतो. आरोपी लामता भागातला गोंड आदिवासी. दोन खून सिद्ध झालेले. फाशी की जन्मठेप, एवढंच ठरायचं होतं. तारीख परवाची.

मी प्रोबेशन ऑफिसर. माणूस सुधारण्यासारखा आहे का, हे त्याच्या गावी जाऊन पाहायचं आणि कोर्टाला कळवायचं, हे माझं काम. याच्या गावी मी गेलोच नव्हतो. रस्ता खराब. जेलचं मुलाखतीचं रजिस्टर पाहिलं, बायकोचं नाव दिसलं नाही, लिहून मोकळा झालो. आदल्या वर्षी शहरातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, तोही खुनातच. त्याच्या घरी दोनदा गेलो, चहा-पोहे खाल्ले आणि 'संस्कारी परिवार' असं लिहिलं.

कोर्टातून ऑफिसात येऊन आमच्या साहेबांकडे गेलो. "साहेब, रिपोर्ट बदलून द्याचा हाये."

"काहून? सही तुमची हाये. नोटीस तुमालेच येईन."

"येऊ द्या. फाशी त्याले होऊन राह्यली, मले नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढून आरोपीच्या गावी गेलो. त्याची बायको अंगणात विडीच्या तेंदूपत्त्याच्या गड्ड्या बांधत होती. जेलमध्ये का गेली नाहीस, असं हिंदीत विचारलं.

"चार बार गई साहब. गेट पे आधार कार्ड मांगे. नहीं था, तो लौटा दिए."

गेटवरून परत पाठवलेल्यांची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. फार लाज वाटली.

तारखेला कोर्टात उभं राहून सगळं सांगितलं. जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पहली रिपोर्ट के वक्त गाँव गए थे?"

"नहीं, सर."

"और किस-किस के गाँव नहीं गए?"



आरोपीला जन्मठेप झाली. मला नोटीस आली, मी माफी लिहून दिली. रजिस्टरावर विसंबू नये, एवढा धडा कोणीही सांगेल. पण जजसाहेबांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून ऑफिसातल्या जुन्या फायली काढल्या. कैद्यांच्या पॅरोलसाठी, म्हणजे थोड्या दिवसांच्या सुटीसाठी, गाव न पाहता लिहिलेले माझे अकरा रिपोर्ट निघाले. अकराही जणांचा पॅरोल नाकारलेला. सगळे आदिवासी, गोंड नाहीतर बैगा. शहरातलं घर मात्र एकही चुकवलेलं नव्हतं.