लॉनवरचं लिंबू

भगवान गायसमुद्रे यांनी उभी हयात महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात नट-बोल्ट आवळण्यात घालवली. त्याचा परिणाम असा, की सैल काही दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. टपरीवर चहा प्यायला बसले तरी आधी वाकून बाकाचा नट पिळून बघतात. माणसांचंही तसंच. सैल बोलणारा भेटला की त्याला पिळल्याबिगर सोडत नाहीत.

मूळ औशाकडचे. घणसोलीला आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात गावाकडचं लिंबोणीचं रोप. ट्रंक घरात ठेवली, रोप सोसायटीच्या बागेत वरच्या अंगाच्या कोपऱ्यात लावलं आणि जाहीर करून टाकलं, "ह्याला लिंबू लागलं की अख्ख्या बिल्डिंगीला सरबत पाजतो."

त्या सरबताची वाट बघत दोन-तीन म्हातारे वर गेले, पण लिंबू काही लागलं नाही. झाड माजलं, डोक्याच्या वर गेलं, काटे बोटभर झाले. पोरांचे बॉल फोडायचे, एवढंच त्याचं उत्पन्न. भगवानरावांची बायको चांगुणाबाई रोज गॅलरीतून विचारायची, "लागलं का ओ?"

"लागंल."

"रोप लावलं तवा आपली क्रांती शाळंत व्हती. आता तिचं लेकरू शाळंत जायलंय."

"लागंल म्हनलो की. भाकड म्हशीला बी लोक दम धरतेत."

"म्हैस निदान शेन तरी देती."

अशात सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर साळगावकर कर्जतकडच्या कुठल्याशा रिसॉर्टला जाऊन आले. तिथं लॉनवर अनवाणी चालले आणि परत आले ते लॉन डोक्यात घेऊनच. मीटिंग बोलावली. भिंतीवर चित्रं पाडली. एकीकडे हिरवंगार लॉन आणि त्यावर बसलेलं पांढरंशुभ्र कुत्रं, दुसरीकडे भगवानरावांच्या लिंबोणीचा फोटो, तोही दिवेलागणीचा, काळाकुट्ट.

"लॉन म्हणजे कसं, एकदम फ्रेश," सुधीर म्हणाले. "आणि लिंबू काय, मोबाईलवर सांगितलं की दहा मिनिटांत घरपोच येतं."

"मग गवत बी घरपोच मागवा की."

"काका, ते घरपोचच येणार आहे."

भगवानराव उठून उभे राहिले. "मला येवढंच समजून सांगा. ह्या गवताला पानी पाजायचं, खत घालायचं, वाढलं की कापायचं, आन कापलेलं कचऱ्यात टाकायचं. मग म्हैस कुठाय?"

"म्हैस नाहीये काका."

"म्हशीबिगर चारा पिकवनारी पयलीच वस्ती बगलालो मी."

लोक पोट धरून हसले, पण हात वर केले ते लॉनच्या बाजूनं. ठराव झाला. लॉन करायचं, लिंबोणीला वर्षाची सवलत. तेवढ्यात फळ लागलं नाही, किंवा लॉनला झाडाचा त्रास झाला, तर झाड काढायचं.

घरी आल्यावर भगवानराव ताटावरून उठले. चांगुणाबाई म्हणाली, "झाडाचा राग भाकरीवर कामून?"

"आगं, झाड गेलं तर शब्द गेला. शब्द गेल्यावर मी हितं कोन? चौथ्या मजल्यावरचा म्हातारा. तसले लई हायत."

लॉनवाल्या ठेकेदारानं भर उन्हाळ्यात बाग उकरली, लिंबोणीची मुळं कापून उघडी पाडली आणि तो गायब झाला. झाडाची पानं गळाली. सुधीर तोंडानं "अरेरे" म्हणत होते आणि चेहऱ्यानं दुसरंच. पावसाबरोबर ठेकेदार उगवला. लग्नातल्या सतरंज्यांसारख्या गवताच्या गुंडाळ्या टेम्पोतून उतरल्या. त्यानं लिंबोणीच्या बुडापासून खाली उतार काढून बाग बशीसारखी मधे खोलगट केली, गवत अंथरलं, पोत्यानं खत ओतलं. वर पाटी ठोकली, 'लॉनवर चालू नये'. अनवाणी चालायला म्हणून आणलेलं गवत, त्यावर चालायला बंदी. कोणी चाललं तर सापडावं म्हणून खांबावर कॅमेरा लावला, तोंड बरोबर गवताच्या मधोमध.

आता लिंबाच्या बागा असलेल्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल, की लिंबोणीला ताण द्यावा लागतो. मुळं उघडी करायची, पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची आणि मग खत-पाणी दाखवायचं. भगवानराव रोज बादलीभर पाणी घालून झाडाचे लाड करत बसले होते. लॉनवाल्यांनी त्याचे हाल केले आणि झाड फुलांनी लगडलं.

"सासुरवास झाल्याबिगर शानपन येत न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. कुणाला म्हणाली ते भगवानरावांनी विचारलं नाही.

फळं धरली. पानाआड, काट्याआड हिरवी गोळी कुणाला दिसायची? पहिलं लिंबू पिकून पिवळं झालं, झाडाखाली पडलं, उतारावरून घरंगळलं आणि लॉनच्या ऐन मधोमध जाऊन थांबलं. दिवस अवसेचा.

सकाळी सुधीरच्या मिसेस, स्मिता, लॉनच्या कडेनं चकरा मारत होत्या. त्यांनी बघितलं आणि मोठ्यानं नवऱ्याला हाक मारली. उकिरड्यावर पडलेलं लिंबू म्हणजे लिंबू. पण कापून-विंचरून ठेवलेल्या गवतात, आजूबाजूला काडी नाही, पान नाही, आणि मधे एकटंच पिवळं लिंबू, म्हणजे कोणीतरी उतरून टाकलेलं. सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या.

भगवानराव अंघोळ अर्धी टाकून पंचावर धावत आले. लिंबू उचललं, नाकाला लावलं आणि ओरडले, "लागलं की ओ!"

तासाभरात आणखी दोन तोडली, सरबत केलं आणि जग घेऊन दारोदार हिंडले. कुणाला ॲसिडिटी, कुणाला उपास, कुणाचा नुकताच चहा झालेला. स्मितावहिनींनी दार फटीएवढं उघडलं.

"वैनी, झाडाचं हाय ते. चला, दावतो झाड."

"असेल हो काका, झाडाचंच असेल. पण नसलं तर?"

सगळा जग नवरा-बायकोनं दोघांत संपवला आणि रात्रभर चांगुणाबाई ढेकर देत बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबू. सुधीर म्हणाले, आपण सुशिक्षित माणसं आहोत, कॅमेरा बघू. ऑफिसात कमिटी जमली. कॅमेऱ्यात फक्त गवत. झाड चौकटीच्या बाहेर. बघता बघता डावीकडून एक लिंबू आपल्या पायानं चालत आलं, मधोमध आलं, किंचित डुललं आणि थांबलं. टाकणारा हात नाही की माणूस नाही. कमिटीतला एक जण घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपला. सुशिक्षितपणाचा कार्यक्रम तिथंच आटोपला.

त्या दिवसापासून भगवानराव लिफ्टमध्ये असले की लोकांना अचानक व्यायाम आठवायचा, जिन्यानं जायचे. भगवानराव पिळले गेले. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता एक बी उचलनार न्हाई. ज्याला पायजे तो उचलंल."

कोण उचलणार? लिंबं पडत गेली, घरंगळत गेली. बशीच्या बुडाला पिवळा ढीग. गवत कापणारा लांबूनच मशीन घेऊन परत गेला, पुन्हा फोन उचलेना. गवत गुडघ्याला लागलं. सुधीरनी ठराव काढला. लॉनला त्रास झाला की नाही? झाला. मग झाड काढा. रविवारी दिघ्याहून झाडं तोडणारा बोलावला. तो करवत घेऊन आला, गवत बघितलं, ढीग बघितला आणि खाली बसून त्यानं तंबाखू मळायला घेतली.

"साहेब, झाड आत्ता पाडतो. पयली ती लिंबं उचला. ती वलांडून मी नाय जानार. घरी लेकरं हायत."

सुधीरनी वॉचमनकडं बघितलं. वॉचमन आभाळात विमान शोधत होता. मग भगवानरावांकडं बघितलं. "काका, तुम्ही घाबरत नाही ना? प्लीज जरा उचला."

"व्वा! माझं झाड तोडायला मीच वाट साफ करू व्हय?"

"मग करायचं काय?"

भगवानराव झाडाला पाठ लावून उभे होते. काटे टोचत असणार, पण हलले नाहीत. म्हणाले, "सादं हाय बगा. झाड तोडायचं तर लिंबू उचलावं लागंल. लिंबू उचलायचं तर भ्या सोडावं लागंल. आन भ्या सुटलं, तर झाड कामून तोडताव?"

सुधीर विचार करत राहिले. एकदा झाडाकडून विचार केला, एकदा लिंबाकडून केला, कुठूनही गेलं तरी तिथंच येत होतं. वर गॅलऱ्यांत सगळी सोसायटी. दिघ्याच्या माणसानं तंबाखू थुंकून विचारलं, "साहेब, जाऊ का मी?"

तेव्हा सुधीरनी पँट वर केली आणि गवतात पाय टाकला. पाटी ओलांडून लॉनवर चालणारा पहिला माणूस सेक्रेटरीच निघाला. खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. वाकले. डोळे मिटले. लिंबू उचललं. त्याच वेळी पहिल्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि ते हातभर उडाले, पण लिंबू सुटलं नाही.

बाकी काही झालं नाही. सगळे बघत राहिले, काहीच झालं नाही.

"आता हातात धरून काय उबवलालाव?" चांगुणाबाई वरून ओरडली. "थांबा, साकर घिऊन येते."

ती तांब्या, साखर, मीठ, सुरी घेऊन खाली आली. पाटी आडवी केली आणि तिच्यावरच ठेवून लिंबू कापलं. सुधीरनी पेला तोंडाला लावला, एका दमात संपवला आणि त्यांचं तोंड आवळलं, डोळे बारीक झाले, मान वाकडी झाली.

वरून स्मितावहिनी किंचाळल्या, "अहो, काय होतंय तुम्हाला?"

"आंबट आहे."

"मग?" भगवानराव म्हणाले. "लिंबू हाय ते."

अर्ध्या तासात लोक पिशव्या घेऊन खाली उतरले. ज्यांना ॲसिडिटी होती ते सर्वांत पुढं. दिघ्यावाल्यानं करवत बाजूला ठेवून पिशवी भरली, लेकरांसाठी. सरबत मात्र पुरलं नाही. बी विंगचं अजून राहिलंय, आणि भगवानराव ते विसरलेले नाहीत. झाडाचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये सुधीरनी काढला, तो त्याला आळं करून द्यायचा.

त्या रविवारी मात्र सगळे गेल्यावर लॉनवर बैल लोळल्यासारखं झालं होतं आणि पाटी आडवीच पडली होती. भगवानरावांनी ती उभी केली, खिशातला पाना काढून तिचे बोल्ट आवळले. "सैल व्हती," म्हणाले.

चांगुणाबाईनं तुडवलेल्या गवतातून तांब्या शोधून काढला आणि विचारलं, "चारा तर झाला. म्हैस कवा आनताव?"