आधी पाच, मग बुडी

राम घाटाच्या वरच्या पायऱ्यांशी बायकांचं शौचालय आहे. त्याच्या दाराशी नंदाताई मोरे बसतात. नवरा टेम्पो चालवायचा. तो गेल्यावर हे काम मिळालं. मुलीचं, श्रुतीचं, नर्सिंग त्यावरच चाललंय.

बायकांना पाच रुपये, शेजारची पुरुषांची मुतारी फुकट. मी एकदा बोलले, तर म्हणाल्या, "रेट माझ्या हातात असता तर उलटा लावला असता."

माझ्या सासूबाई दर अमावास्येला क्षिप्रेवर स्नानाला जातात. थंड पाण्यात बुडी मारली की या वयात लगेच लागते. म्हणून पदराला पाचाचं नाणं बांधून उतरायच्या आणि अर्घ्य देताना तेच नदीत टाकायच्या. नदीला काही न देता वर यायला मन होत नसे. मी सामान राखत लांब बसलेली, दुसरं नाणं द्यायला जवळ कुणी नसे. मग त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडलं. एकदा पायऱ्यांवर चक्कर आली.

नंदाताईंनी पाणी पाजलं. "काकू, तुम्ही एकट्या नाही. सगळ्या नदीला देऊन येतात आणि माझ्यापुढे हात जोडतात. आता आधी पाच, मग बुडी. चपला इथे फळीवर ठेवा."

फळीवर चपला म्हणजे पैसे भरलेले. काही जणी पैसे देतात, पण आत जातच नाहीत. त्यांच्या पाचात नंदाताई एखाद्या अडलेल्या बाईला सोडतात. ठेकेदाराचा सुपरवायझर शैलेंद्र याला ते खटकायचं. आणखी एक बाई फुकट गेलेली दिसली तर काम बंद, असं त्याने बजावलं होतं.

सर्वपित्री अमावास्येला तो दाराशीच उभा राहिला. एक खेडवळ बाई बाहेर आली, ओलीचिंब, अनवाणी.

"इसकी चप्पल कहाँ है?"

नंदाताईंचा चेहरा उतरला. सासूबाई रांगेतून तशाच ओलेत्याने पुढे झाल्या. "भैया, पिछली अमावस को मैंने पाँच दिए थे, अंदर गई ही नहीं. वो इसके लगा लो."

"ऐसे थोड़ी होता है, अम्मा."

"तो मेरे लौटा दो."

"हमारे भी," मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसायला लागली.

शैलेंद्रने रांगेकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "ठीक है, जैसा चल रहा है चलाओ. पर गल्ला कम नहीं पड़ना चाहिए."

"आज तक पड़ा क्या?" नंदाताईंनी विचारलं.

तो घाटाकडे निघून गेला. नंदाताई खुर्चीत मागे टेकल्या, डोळे मिटून महाकालाचं नाव घेतलं आणि पुढच्या बाईला म्हणाल्या, "चला काकू, खोळंबा नको."

पैसे घ्यावेत की नाही, मला ठरवता येत नाही. फिनाईल, झाडू, नंदाताईंचा पगार कुठून तरी यायलाच हवा. पण अडलेल्या बाईला दारात उभं करू नये, एवढं कळतं.

सासूबाई आता अमावास्येला निघताना माझ्यासमोर तांब्याभर पाणी पितात. सगळं.